चपलांची की पांढरी

विक्रोळीच्या आमच्या बैठ्या चाळीत सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई स्टोव्हला पंप मारायची, आणि संध्याकाळी तिचा चहाचा स्टोव्ह विझला की मी टेप लावायचे. दोन्ही एकदम चालायचं नाही. स्टोव्हच्या फरफरण्यात बेस ऐकू येत नसे, आणि बेस ऐकू येत नसेल तर रेगे ऐकण्यात काही अर्थ नाही, असं माझं ठाम मत होतं. त्या वयात माझी सगळीच मतं ठाम होती. मी एका छोट्या कचेरीत टायपिस्ट होते. दिवसभर इंग्रजी पत्रं अर्थ न कळता बिनचूक टाइप करायची, पगार आईच्या हातावर ठेवायचा, आणि घरी येऊन जमैकातल्या एका बँडच्या आयुष्यभराच्या कामगिरीचा निवाडा करायचा, असा माझा दिनक्रम होता. निवाडा करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळीत दुसरं कुणी तो बँड ऐकतही नव्हतं. त्यामुळे वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश मी एकटीच होते आणि तरीही खटला वर्षानुवर्षं चालला.

बँडचं नाव सॉल्ट हार्बर. माझा मोठा भाऊ मिलिंददादा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता आणि त्याच्या जहाजावरचा आचारी जमैकाचा. आईने दादाला बांधून दिलेली सुकटीची चटणी त्या आचाऱ्याने चाखली आणि त्याला ती इतकी आवडली की बदल्यात त्याने दादाला एक कॅसेट दिली. पुढच्या खेपेला आईने जास्त चटणी दिली, दादाने आणखी कॅसेटी आणल्या. अशा रीतीने सॉल्ट हार्बरची जवळजवळ सगळी कामगिरी सुकटीच्या मोबदल्यात आमच्या घरात आली. मी शाळेत जायच्या आधीपासून हा बँड वाजत होता. मधल्या काळात त्यातला ढोलवाला गेला, दुसरा आला, गाणारे दोघे सख्खे भाऊ भांडून वेगळे झाले आणि परत एकत्र आले. ही हकिकत आचाऱ्याने दादाला सांगितली, दादाने मला, आणि मी नळावर पाण्याला उभ्या असलेल्या बायकांना, त्यांची ऐकायची इच्छा असो वा नसो.

कॅसेटींवरची इंग्रजी नावं लांबलचक होती, म्हणून आईने त्यांना आपली नावं ठेवली. एका कव्हरवर उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला होत्या, ती चपलांची. एकीवर कोंबडा, ती कोंबड्याची. एकीवर काहीच नव्हतं, नुसता कोरा कागद, ती पांढरी. अशा आणखी चार-पाच. घरात हीच नावं चालायची आणि बाहेर ती कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. कोंबड्याची सगळ्यांना आवडायची. चाळीत कुणाची हळद असली की पोरं ती मागून न्यायची आणि दमेपर्यंत नाचायची, त्यामुळे माझ्या लेखी ती पहिल्याच फेरीत बाद झाली होती. जी दुसऱ्यांना आवडते ती श्रेष्ठ कशी असेल, हा माझा त्या वेळचा सगळा समीक्षाविचार होता.

बाबांची स्वतःची गायनपार्टी होती. दिवसा ते कारखान्यात लेथवर असत आणि जयंतीचे दिवस जवळ आले की संध्याकाळी आमच्या ओट्यावर पेटी, ढोलकी आणि पाच-सहा गळे जमत. त्यांनी सॉल्ट हार्बर एकदाच, पण मन लावून ऐकला. दादाने त्यांना गाण्यांचा अर्थ सांगितला, म्हणजे गुलामी, ऊसमळे, जहाजं भरून नेलेली माणसं वगैरे. बाबा मान हलवत म्हणाले, "विषय चांगला घेतलाय. कोरसही बरा. पण चाल पुढे सरकवायला पाहिजे होती." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खरं तर मलाही शब्द कळत नसत. एका गाण्यात गाणारा इतका व्याकूळ व्हायचा की मी कित्येकदा डोळे पुसले होते; ते गाणं घरभाडं चुकवून पळालेल्या भाडेकरूचं आहे, हे दादाने सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं की वरवरचा अर्थ तसा असेल.

आता टेप कुठे ठेवायचा याचंही एक शास्त्र मी शोधून काढलं होतं. फळीवर ठेवला की आवाज पातळ यायचा. पण तोच टेप मोरीशेजारच्या तांदळाच्या पत्र्याच्या पिंपावर ठेवला की खालून असा काही घुमायचा की छातीत जाणवावं. आईला भाताला तांदूळ काढायचे असले की टेप उचलून खाली ठेवावा लागे, आणि चालू गाणं तोडायला मी तयार नसे. "तुझं ते संपलं की मग जेवू," असं आई सहज म्हणायची आणि खरंच थांबायची. ह्या पिंपाशेजारी जमिनीवर बसून, भिंतीला पाठ लावून, मी रोज संध्याकाळी एक बाजू ऐकायचे. ती वेळ माझी होती. एका खोलीत चार माणसांच्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. काही आठवड्यांनी मी निकाल जाहीर करायचे. "आई, आजपासून चपलांची एक नंबर." आई म्हणायची, "बरं. ही कोथिंबीर निवड."

हल्ली माझी मुलगी फोनवर बोट फिरवून त्या बँडचं कुठलंही गाणं काढते आणि खाली जगभरच्या लोकांनी घातलेले वाद वाचून दाखवते. श्रेष्ठ कोणती, पहिली की चौथी, ढोलवाला गेल्यावर पडझड झाली की नाही. तिकडची शिकलीसवरलेली माणसं एकमेकांची अक्कल काढतात. मला फार आधार वाटतो.

तर, माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली. बाबा सुधारक विचारांचे. आमच्या चाळीत त्यांनी एक नवी रीत पाडली होती: मुलगी बघायला आलेला मुलगा जर प्रश्न विचारणार असेल, तर मुलीनेही त्याला एक प्रश्न विचारायचा, सगळ्यांसमोर, आणि त्याने उत्तर द्यायचं. विहारात त्यांनी ह्यावर भाषणही केलं होतं. त्यांची अपेक्षा अशी की मुलगी विचारेल, व्यसन आहे का, वाचन काय करता, बायकोने नोकरी केलेली चालेल का. शेजारच्या दोन मुलींनी तसं विचारलंही आणि त्यांची लग्नं सुखाने झाली. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "सॉल्ट हार्बरची सगळ्यात चांगली कॅसेट कोणती?"

पहिला मुलगा घाटकोपरचा होता. तो म्हणाला, मी इंग्रजी गाणी ऐकत नाही, पण तुम्ही ऐकलीत तर माझी हरकत नाही. मी आत जाऊन आईला सांगितलं, हरकत नाही म्हणणारा हा कोण? नकार. दुसऱ्याने नाव माहीत असल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, सगळ्याच चांगल्या आहेत. त्याला तर मी लबाड ठरवलं. बाबा हताश झाले, पण बोलणार कसे? रीत त्यांचीच होती. आई मात्र बोलली. "अगं, तुला लग्न करायचंय की परीक्षा घ्यायचीय?" दादा सुट्टीवर घरी आला होता, त्याने डोक्याला हात लावला. "सुजे, तुझ्या पेपरात मी पण नापास होईन यार."

तिसरं स्थळ कांदिवलीचं आलं. विजय नाव, टपाल खात्यात नोकरी. चौकशी करायला दादा स्वतः कांदिवलीला जाऊन आला आणि आल्यापासून गालातल्या गालात हसत होता. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण मी त्या आठवड्यात फार गडबडीत होते, कारण माझं मोठं मतांतर झालं होतं. त्याआधी मी चपलांचीच्या बाजूने होते, दादा आल्या आल्या त्याला जेवूही न देता तिचं थोरपण ऐकवलं होतं. पण नंतर ती पुन्हा लावली तर पोकळ वाटली, काही केल्या भिडेना. आणि महिनाअखेरीला सहज म्हणून पांढरी लावली तर तिच्यातला बेस जमिनीतून वर आला. मला साक्षात्कार झाला. वाटलं, आपण आता प्रौढ झालो, आता आपल्याला पांढरी कळायला लागली.

रविवारी विजय, त्याची आई आणि मामा असे तिघे आले. आईने पोहे केले होते, वर ओलं खोबरं. मामांनी मला शिक्षण, नोकरी, स्वयंपाक विचारलं. मग बाबांनी घसा साफ केला आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, "आता आमची मुलगी एक प्रश्न विचारेल." मी विचारला. मामांनी विजयच्या आईकडे बघितलं. विजयने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जराही न अडखळता म्हणाला, "चपलांची."

इतका मूर्खपणा मी आयुष्यात परत केला नाही, पण एक क्षणभर मला खरंच वाटलं की नशीब म्हणतात ते हेच. मग डोक्यात उजेड पडला. चपलांची हे नाव आईने ठेवलेलं. कांदिवलीत सोडा, जमैकातही ते कुणाला ठाऊक नसणार. मी दादाकडे पाहिलं. तो दारात उभा राहून छताच्या पंख्याचं निरीक्षण करत होता.

"का?" मी विजयला विचारलं.

"ढोल चांगला आहे."

"आणि?"

"आणि..." त्याने दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिलिंदनी एवढंच सांगितलं होतं."

सगळे हसले. "विज्या!" त्याची आई म्हणाली आणि तीही पदर तोंडाला लावून हसली. इथे थांबले असते तर शोभा टळली असती. पण उत्तर फोडलेलं होतं ह्यापेक्षा ते जुनं होतं, ह्याचाच मला जास्त राग आला. "चूक आहे," मी म्हटलं. "पांढरी. थांबा, ऐकवतेच." बाबा म्हणाले, "सुजाता, आधी चहा होऊ दे." चहा कसला होतोय. मी टेप उचलला, पिंपावर ठेवला आणि पाहुण्यांना शांत राहायला सांगितलं. आधी चपलांची लावली, म्हणजे फरक कळावा. ती वाजली, पातळ, माझ्या म्हणण्याप्रमाणेच. मी विजयकडे विजयी नजरेने पाहिलं. मग पांढरी लावली.

पांढरीही तशीच वाजली. कुणी रिकाम्या बशीवर बोटं वाजवावीत तशी. मी आवाज वाढवला. फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावली. टेप जरा डावीकडे सरकवला, जरा उजवीकडे. माझा सगळा साक्षात्कार फडफडत राहिला आणि मामा घड्याळाकडे बघू लागले. तेवढ्यात मोरीशेजारून आई म्हणाली, "अगं, पिंप भरलंय की. परवाच महिन्याचे तांदूळ ओतलेत. रिकामं असलं की घुमतं, आता कसं घुमेल?"

आधी मला काही कळेना. मग एकेक करून सगळं कळलं. पांढरी मी महिनाअखेरीला ऐकली होती, पिंप रिकामं असताना. चपलांचीला नापास केलं तेव्हा पिंप गळ्यापर्यंत भरलेलं होतं, आणि तिला पहिला नंबर दिला तो त्याच्या आदल्या महिनाअखेरीला. त्यामागचे निकाल आठवून बघितले, तर तेही सगळे तसेच. ढोलवाला गेल्यावर बँडचा आत्मा हरवला, भाऊ परत एकत्र आल्यावर सुरात खोली आली, असं जे काही मी वर्षानुवर्षं नळावर सांगत होते, ते सगळं रेशनच्या तांदळावर ठरत होतं. सगळ्यात मोठ्याने बाबा हसले, त्यांच्या स्टेजवरच्या आवाजात. मी टेप बंद केला आणि मागच्या दाराने ओट्यावर गेले.

मामा समजूतदार. "जा रे, बोलून घ्या दोघं," म्हणून त्यांनी विजयला माझ्यामागे पाठवलं. मी भांडी घासायच्या दगडाशी उभी होते. तो थोडा लांब उभा राहिला.

"राग आला?"

"तुमच्यावर नाही," मी म्हटलं. "तुम्ही खरंच ऐकलीये का एखादी?"

"आमच्याकडे टेप नाही. आत्ता ऐकल्या त्या पहिल्याच."

"मग? कशा वाटल्या?"

"दोन्ही सारख्याच वाटल्या."

इथे मी त्याला नकार द्यायला हवा होता. माझ्या आत्तापर्यंतच्या नियमांत ते बसत होतं. पण तो कसला तरी विचार करत होता आणि मग म्हणाला, "एक विचारू? तुम्ही हे रोज ऐकता?"

"रोज. संध्याकाळी."

"मग आमच्याकडे कुठे ऐकाल?"

मी त्याच्याकडे वळले.

"नाही, म्हणजे मी मघापासून तेच बघतोय," तो म्हणाला. "आमची एकच खोली. बाबांना रात्रपाळी, दिवसभर ते झोपतात. ते उठले की धाकटा अभ्यासाला बसतो. मग आईचा स्वयंपाक, मग जेवणं, मग सगळे झोपतात. मला मधे कुठे जागाच दिसत नाही."

"म्हणजे लग्न झालं तर ऐकायचं नाही?"

"तसं नाही हो. पण होईल सोय असं म्हटलं तर ते खोटं होईल. नाही होणार. वेगळी खोली मिळेपर्यंत तरी नाही. आणि ती कधी मिळेल, मला माहीत नाही."

सरळ सांगते, मी घाबरले. त्याने बोट ठेवलं ते नेमकं त्याच जागेवर. ती संध्याकाळची वेळ जाईल, ह्याच भीतीने मी आल्यागेल्याला तो प्रश्न घालत होते, आणि नकाराला कारण मिळालं की आत कुठेतरी हुश्श करत होते. मुलं उत्तर शोधायची, हसायची, नाहीतर परवानगी द्यायची. माझ्या ऐकण्याला एक खोली लागते, वेळ लागतो, गप्प बसणारी माणसं लागतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्या माणसाला दोन कॅसेटींतला फरक कळत नव्हता आणि तो माझ्यासाठी आपल्या घरातले तास चाचपून बघत होता. मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी दगडावरचा तांब्या उचलला आणि नवऱ्या मुलासमोर, बघण्याच्या कार्यक्रमात, नव्या साडीत, तो राखेने घासायला लागले. तांब्या स्वच्छच होता.

आतून बाबांनी हाक मारली. "काय ठरलं रे पोरांनो?"

"अजून काही नाही," मी ओरडून सांगितलं. "ह्यांना पुढच्या रविवारी परत यायला सांगा."

अशी कुठलीही रीत बाबांनी पाडली नव्हती. आतून दादाचा आवाज आला, "वाट लागली, आता दुसरा पेपर!" पण विजय पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. मी टेप लावायचे, तो पिंपाच्या पलीकडे बसून ऐकायचा, कधी पेंगायचा. त्याने एकदाही गाणं आवडल्याचं नाटक केलं नाही. पावसाळा संपता संपता मी हो म्हटलं.

विजय खरं बोलला होता, हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. मनातून मला वाटत होतं, माणूस जरा वाढवूनच सांगतो, काहीतरी होईल. काही झालं नाही. सासरे झोपलेले, नाहीतर दीर शिकत, नाहीतर पाहुणे. टेप जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. कणीक मळताना मी तोंडाने बेस काढायचे, तर सासूबाई विचारायच्या, "पोटात दुखतंय का गं?" मला राग यायचा, पण फसवलं असं म्हणायची सोय नव्हती. मला सगळं आधीच सांगितलेलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. ह्यांनी त्या काळात कधी "थोडे दिवस थांब" म्हटलं नाही. दर वर्षी खात्याच्या क्वार्टरसाठी अर्ज मात्र न चुकता टाकला.

खोली मिळाली तेव्हा मुलगी चालायला लागली होती. सामान लावायच्या आधीच ह्यांनी टेप माळ्यावरून उतरवून आणला होता. आतला रबरी पट्टा वाळून तुटला होता, तो ह्यांनी दुरुस्तीवाल्याकडे बसून नवा घालून घेतला. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर टेप रिकाम्या खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवलेला, आणि हे मुलीला कडेवर घेऊन दारात उभे. "लाव," म्हणाले, "आम्ही बाहेर थांबतो."

मी शेजारच्या कॅसेटींच्या पिशवीत हात घातला, हाताला लागली ती कॅसेट काढली आणि लावली. वाजली. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठमोठ्याने रडले, बाहेर ऐकू जाईल इतकी. बाजू संपली तरी उठले नाही, उलटी करून दुसरीही ऐकली. कॅसेट कुठली होती ती, ते मात्र आज काही केल्या आठवत नाही.